दोन बोटांनी गेला पाहिजे

यार्डात मिस्त्री पुष्कळ होते, पण नुसतं 'मिस्त्री' अशी हाक आली की एकच माणूस वळून बघायचा. बाकीच्यांच्या नावापुढे काहीतरी जोडावं लागे, कुणी रंगकामाचा, कुणी फायबरवाला, कुणी सुतार. ह्याला जोडण्याची गरज पडत नसे. छत्तीस वर्षं तो एकच काम करत आला होता, आणि ते काम असं होतं की नीट झालं तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि बिघडलं तर लपवता येत नाही. अशा कामाला माणूस एक तर वैतागतो नाहीतर गर्विष्ठ होतो. मिस्त्री दुसऱ्या जातीचा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

काम समजायला अवघड नाही. मोटरलाँचचं इंजिन आत बसतं, मागच्या भिंतीला लागून. पंखा असतो बाहेर, पाण्यात, एका धातूच्या पायाला. कागदोपत्री त्याला ड्राइव्ह म्हणतात, यार्डात सगळे पायच म्हणतात. इंजिनाची ताकद भिंतीपलीकडच्या पायापर्यंत पोचवायला मधे एक शाफ्ट. भिंतीत बेअरिंग, इंजिनाच्या पाठीवर कपलर, कपलरच्या पोटात बारीक दाते. शाफ्ट बेअरिंगमधून जाऊन त्या दात्यांत बसतो. बेअरिंग आणि कपलर एका रेषेत असले की वर्षानुवर्षं तक्रार नाही. इंजिन पुढून जरासं वर किंवा खाली राहिलं, की दाते एकमेकांना खायला लागतात. आधी गुरगुर ऐकू येते, मग लोखंडाचा भुगा पडतो, आणि एक दिवस इंजिन बोंबलत राहतं आणि लाँच जागची हलत नाही.

ती रेष लावायला एक गज असतो, दीड हात लांब, गुळगुळीत, शाफ्टच्याच जाडीचा. पाय सोडवून बाजूला ठेवायचा, भिंतीबाहेरून बेअरिंगमध्ये गज घालायचा आणि तो पलीकडे कपलरमध्ये किती सहज शिरतो ते बघायचं. अडला तर इंजिन ज्यांच्यावर टेकतं त्या पुढच्या दोन माउंटिंगचे नट फिरवून इंजिन वर-खाली करायचं. पुन्हा गज. पुन्हा नट. कधी वीस मिनिटांत होतं, कधी दिवस जातो.

मिस्त्रीला हे ज्या वस्तादाने शिकवलं तो फार बोलका नव्हता. त्याने दोनच गोष्टी शिकवल्या. पहिली: "गज दोन बोटांनी गेला तर लग्न. तिसरं बोट लागलं तर भांडण." दुसरी: "नट आवळल्यावर पुन्हा गज घाल. आवळताना इंजिन सरकतं आणि तुला वाटतं, झालं काम." एवढ्या भांडवलावर मिस्त्रीने संसार केला, घर उभं केलं, लेकीला शिकवलं.

आता खरं सांगायचं तर गज लावायची आणखी एक पद्धत आहे आणि ती पुस्तकात लिहिलेली आहे. गजाच्या टोकाला ग्रीस फासायचं, आत घालून बाहेर काढायचा आणि दात्यांच्या खुणा चारी बाजूंनी सारख्या उमटल्यात का ते बघायचं. शहाणी पद्धत आहे, कुणालाही जमते. पण मिस्त्रीने उभ्या आयुष्यात तिची टिंगल केली. "ग्रीसचे डाग बघणारे म्हणजे भूक लागली का हे घड्याळात बघणारे," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि चारचौघं हसायचे. तो दोन बोटं गजाच्या टोकावर ठेवायचा, डोळे मिटायचा, हळूच सारायचा आणि म्हणायचा, "लागलं लग्न." हे बघायला यार्डातले लोक हातातलं काम सोडून यायचे. वेल्डर तर म्हणायचा, "ह्याच्या बोटांत कान आहेत."

त्या बोटांना दोन वर्षांपूर्वी काहीतरी झालं.

सुरुवात शर्टाच्या बटणापासून झाली. बटण काज्यात शिरेना. मग पाना हातातून निसटायला लागला, खिशातली चावी काढायला खिसा उलटा करावा लागायला लागला. मिस्त्रीने कानाडोळा केला. वय झालं, थंडी आहे, कालचं ओझं उचललं होतं, कारणांना काय तोटा. मग एका सकाळी तो स्वयंपाकघरात उभ्याने चहा पीत होता आणि बायको म्हणाली, "अहो, पेला ठेवा खाली."

"का?"

"ठेवा म्हणते ना."

त्याने ठेवला. उजव्या हाताच्या दोन बोटांवर फोड आले होते, चांगले टपोरे. स्टीलचा पेला, उकळता चहा. त्याला काहीच जाणवलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी एक सुई घेतली, त्याला डोळे मिटायला लावले आणि विचारत गेल्या, टोचतंय का, टोचतंय का. तो म्हणत गेला, टोचा की, तुम्ही अजून सुरूच केलं नाही. डोळे उघडले तेव्हा बोटांवर रक्ताचे चार ठिपके होते. साखर वाढलेली होती, त्यात तीस-पस्तीस वर्षं हादरे देणारी हत्यारं धरलेली. "नसा गेल्या की परत येत नाहीत," बाई म्हणाल्या. "आहे ते टिकवू या." मिस्त्रीने विचारलं, काही गोळी, इंजेक्शन, ऑपरेशन? बाईंनी नाही म्हणून मान हलवली. त्याने आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं होतं, की दाते गेले की गेले, पॉलिश करून उगवत नाहीत. आता तेच ऐकून घ्यायची पाळी त्याची होती आणि त्याला ते अजिबात आवडलं नाही.

घरी येताना त्याने बायकोला बजावलं, "भिंगरीला सांगायचं नाही."

भिंगरी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. वर्षाची असल्यापासून एका जागी बसली नाही म्हणून भिंगरी, आणि आता चौतीस वर्षांची झाली तरी भिंगरीच. ती लाँच चालवायची. नदीच्या ह्या काठाला दवाखाना आणि यार्ड, त्या काठाला वस्ती आणि शाळा, पूल कुठल्या कुठे वर. रोज दहा-बारा खेपा. दवाखान्यात येणारे पेशंट, दोन नर्स, शाळेच्या बाई, भाजीचे हारे, एखादी सायकल. माणसं तिला कॅप्टन म्हणायची, अर्धी गंमत, अर्धा मान. ह्या पोरीने लायसन काढलं तेव्हा मिस्त्री आठ दिवस तिच्याशी बोलला नव्हता आणि नवव्या दिवशी तिच्या लाँचचं इंजिन स्वतः उघडून बसला होता. तेव्हापासून नऊ वर्षं त्या लाँचला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नव्हता. लाँचच्या मालकानेही कधी विचारलं नाही. बाप लेकीच्या लाँचचं काम करतो म्हटल्यावर बोट ठेवायला जागा कुठे?

आणि काळजीचं कारण होतं. पैलतीर-ऐलतीर जिथे खेपा चालतात तिथून खाली मैलभरावर बंधारा आहे. पाणी वरून संथ दिसतं, पण ओढ सगळी बंधाऱ्याकडे. चालती लाँच तिला जुमानत नाही. बंद पडलेली लाँच मात्र तिकडेच जाते. म्हणून दरवर्षी लाँच पाण्याबाहेर काढून, पाय सोडवून, पाणी आत येऊ न देणारा रबरी भाता फाटलाय का बघून, बेअरिंगला ग्रीस देऊन, गज घालून, "लागलं लग्न" म्हटलं की मिस्त्रीला पुढचं वर्षभर झोप लागायची. लेकीला देण्यासारखं त्याच्याजवळ तेवढंच होतं. दागिने घालायची हौस तिला नव्हती, उपदेश ती ऐकत नव्हती.

"सांगायचं नाही म्हणजे?" बायको म्हणाली. "तिच्याच लाँचचं काम करता ना?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. मी बघतो कसं करायचं ते."

"मूठ झाकली जातेय हे तरी कळतं का आता तुम्हाला," असं ती बोलली.

तो कसं करत होता? चोरून ग्रीस लावत होता. ज्याची जन्मभर टिंगल केली तेच ग्रीस, दुपारी सगळे जेवायला गेले की खिशातल्या छोट्या डबीतून काढायचं, गजाला फासायचं, चष्मा लावून खुणा बघायच्या, पुसून टाकायचं. मग लोक परत आले की दोन बोटांनी गज सारून डोळे मिटायचे. दीड वर्षं हे नाटक चाललं. कामं बरोबर होत होती, वेळ दुप्पट लागत होता आणि वेल्डर म्हणत होता, मिस्त्री म्हातारा झाला, हल्ली जेवणाच्या सुट्टीतही राबतो.

ह्या वर्षी भिंगरीची लाँच वर काढली तेव्हा घोळ झाला. बेअरिंग गुरगुरत होतं म्हणून मिस्त्रीने नवं बसवलं. आता रेष पुन्हा लावायला हवी. त्याने ठरवलं होतं, दुपारी. पण भिंगरीला दुपारची खेप बदली लाँचवर करायची होती आणि ती लाँच मालकाला संध्याकाळी दुसरीकडे हवी होती; तोवर आपली लाँच तयार हवी म्हणून भिंगरी सकाळीच येऊन उभी राहिली. "बाबा, आत्ताच लावा. मी इंजिनाकडे जाते, नट मी फिरवते, तुम्ही गज बघा." तिच्यापाठोपाठ वेल्डर आला, फायबरवाला आला, कुणीतरी चहाचे पेले घेऊन आलं. लग्नाला मंडळी जमली.

ग्रीसची डबी मिस्त्रीच्या डाव्या खिशात होती. काढायची आणि म्हणायचं, आज जरा खुणा बघतो. एवढंच वाक्य. चार शब्द. ते त्याच्या तोंडातून निघालं नाही. छत्तीस वर्षांचा पीळ, तो असा चार शब्दांत सुटत नाही. त्याने दोन बोटं गजावर ठेवली, डोळे मिटले, सारला. भिंगरीने नट फिरवला. पुन्हा सारला. बोटांतून काही येत नव्हतं. भिंतीला हात लावावा तसं. गज आत गेला एवढं त्याला दिसलं, आणि आत गेलेला गज दिसतो तेव्हा तो बरोबरच गेलेला दिसतो.

"लागलं लग्न," तो म्हणाला.

भिंगरीने इंजिनापलीकडून त्याच्या हाताकडे एकदा बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे, आणि नट आवळले. "पुन्हा गज घाल," असं त्याने सवयीने स्वतःलाच म्हटलं, घातला, आणि पुन्हा तेच म्हणाला.

आठवड्याभराने ती म्हणाली, "बाबा, वळताना गुरगुरतंय."

तो लाँचवर गेला, तिने धक्क्याजवळच दोन वळणं घेतली, त्याने इंजिनाच्या झाकणावर कान टेकवला. गुरगुर होती. त्याला नक्की माहीत होतं ती कसली ते. कान काही बहिरे झाले नव्हते. लाँच वर काढा, मी चुकलो, असं म्हणायचं होतं. वर काढायची म्हणजे चार माणसं, क्रेन, मालक, आणि तो चार माणसांपुढे विचारणार, का हो मिस्त्री, लग्न लागलं होतं ना?

"नवं बेअरिंग आहे," तो म्हणाला. "बसेल हळूहळू."

कळतं पण वळत नाही म्हणतात ते हेच, आणि ज्याच्यावर येतं त्यालाच ते कळतं. त्या आठवड्यात तो जेवायला बसायचा आणि दोन घासांत उठायचा. बायको विचारायची, काय झालं, तो म्हणायचा, साखर. रोज उद्या सांगू म्हणायचा. मनात त्याने हिशोबही मांडला होता, इतक्या खेपा, इतके तास, दाते इतके दिवस तरी काढतील, तोवर काही निमित्त काढून लाँच वर घेऊ. कपलर जुना आहे हे मात्र त्याने हिशोबात धरलं नाही.

तो सोमवार होता, सकाळची सव्वानऊची खेप. मिस्त्री धक्क्यावर एका दुसऱ्या लाँचपाशी उकिडवा बसला होता. तिचा पाय त्याने तासाभरापूर्वीच सोडून फळीवर ठेवला होता. भिंगरीची लाँच नदीच्या मध्यावर होती, पलीकडून येत होती. आणि त्याला तो आवाज ऐकू आला. इंजिन एकदम मोकळं सुटल्यासारखं ओरडलं, सायकलची चेन पडल्यावर पाय जसे फुकट फिरतात तसं. मग शांत. मग पुन्हा ओरडलं, पुन्हा शांत. धक्क्यावर पन्नास माणसं असतील, कुणी मान वर केली नाही. त्याने तेवढ्यावरून ओळखलं की कपलरमध्ये एक दाता शिल्लक नाही.

लाँचचं नाक हळूहळू खाली वळलं, बंधाऱ्याकडे.

तो उठला. धावायचं तर कुठे? ह्या लाँचचा पाय फळीवर, आणि तो तिथे त्यानेच ठेवलेला. वल्ह्याची एक होडी पलीकडच्या काठाला. त्याने फोन काढला, पण काचेवर त्याची बोटं नीट टेकेनात, भलतेच आकडे उमटत राहिले, शेवटी शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या हातात फोन कोंबून तो म्हणाला, लावा, भिंगरी म्हणून आहे. बाईने लावला. वाजत राहिला. ती उचलणार कशी, तिच्या हाताला काम होतं. इथून ती अंगठ्याएवढी दिसत होती. तिने लोकांना खाली बसवलं, ती पुढे गेली, तिने नांगर टाकला. दोर ताणला. लाँच थांबली, आणि मग पुन्हा सरकायला लागली. तळाशी गाळ आहे तिथे, नांगर गाळातून फरफटत येतो हे मिस्त्रीला माहीत होतं. तिलाही माहीत होतं, कारण त्यानेच सांगितलं होतं.

तो धक्क्याच्या कडेकडेने चालत राहिला, लाँचच्या बरोबरीने, कडा संपेपर्यंत. पुढे कुंपण होतं. कुंपणाला धरून उभा राहिला. "बाबा रे, थांब, थांब," असं तो नांगराला म्हणत होता की पाण्याला, कुणास ठाऊक. भिंगरी मागे आली, तिने दुसरा छोटा नांगर टाकला, दोर स्वतःच्या हाताने सोडत सोडत टाकला. बंधाऱ्याच्या अलीकडे पिवळी पिंपं बांधलेली आहेत, त्यांच्यापासून दोन लाँचभर अंतरावर दोर पुन्हा ताणला आणि ह्या वेळी ताणलेलाच राहिला. पाऊण तासाने गाळ काढणाऱ्यांचा टग आला आणि ओढून घेऊन आला. तो पाऊण तास मिस्त्रीने कुंपणाची तार सोडली नाही. नंतर बायकोने तळहातावरच्या जखमांना औषध लावलं, तेव्हा त्याला कळलं की तार काटेरी होती.

अकरा माणसं उतरली. एका म्हाताऱ्या बाईने भिंगरीच्या तोंडावरून हात फिरवला. एक नर्स उगाचच हसत होती.

यार्डात इंजिन चेनब्लॉकवर उचललं आणि कपलर काढला. आत दाते नव्हतेच, नुसता करडा भुगा. वेल्डरने तो बोटाने उचलून बघितला आणि म्हणाला, "जुना होता. केव्हातरी जाणारच होता." मालक म्हणाला, "जुनाच होता." भिंगरी त्या भुग्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हो, जुना होता." तीन माणसांनी मिळून मिस्त्रीला सोडवलं होतं आणि त्याला वाटत होतं कुणीतरी धरून कानाखाली द्यावी.

नवा कपलर आला. इंजिन परत बसवलं. आता पुन्हा रेष लावायची.

त्या सकाळी मिस्त्री लवकर निघाला. बायकोला म्हणाला, "आज सांगतो तिला." बायको म्हणाली, "सांगा," आणि त्याच्या शर्टाची बटणं लावून दिली. वाटेत त्याने वाक्यं जुळवली. आधी डॉक्टरबाईंचं सांगायचं, मग ग्रीसचं, मग बेअरिंगच्या गुरगुरीचं. ते शेवटचं सगळ्यात अवघड. तो यार्डात पोचला तेव्हा भिंगरी आधीच येऊन बसली होती, कोपरापर्यंत काळी. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"बाबा, मी सगळं लावून ठेवलंय," ती म्हणाली. "नटबिट फिरवून झालेत. तुम्ही फक्त गज घालून सांगा."

आता वाक्य काढायचं होतं. पण तिने गज पुढे केला, आणि गज हातात आला की मिस्त्री मिस्त्री व्हायचा, त्याला कोण काय करणार? शिवाय मनात एक लबाड आशा होती, की तिने लावलंय म्हणजे बरोबरच असेल, आपल्या हातून फक्त होकार जाईल, सांगायचं ते नंतर चहा पिताना निवांत सांगू. त्याने गज बेअरिंगमध्ये घातला. दोन बोटं टोकावर. डोळे मिटले. सारला. गेला.

"लागलं लग्न."

"नक्की?"

"अगं, तुझ्या जन्माच्या आधीपासून हेच करतोय."

"तिसरं बोट नाही लागलं?"

"दोनच होती की, बघ ना."

"हो," ती म्हणाली. "दोनच होती." मग म्हणाली, "तुम्ही जा वर, चहा घ्या. मी आवळून येते."

तो निघाला. वर पोचला आणि लक्षात आलं, चष्मा तिथेच राहिला. परत आला तर भिंगरी इंजिनापुढे पोटावर आडवी झाली होती आणि पुढच्या माउंटिंगचा नट सोडून खाली घेत होती. पूर्ण एक फेरा. मग दुसऱ्या बाजूचा, पूर्ण एक फेरा. शेजारी फडक्यावर गज पडला होता, टोकाला ग्रीस फासलेला. ग्रीसवर खुणा होत्या, वरच्या बाजूला खोल, खालच्या बाजूला काहीच नाही. चष्म्याशिवायही दिसत होत्या.

"चष्मा टूलबॉक्सवर आहे," ती मान न वळवता म्हणाली.

"काय करतेयस?"

"इंजिन खाली घेतेय. मी एक फेरा वर ठेवलं होतं." ती उठून बसली. "मुद्दाम."

बोलण्यासारखं सगळं त्याने वाटेत जुळवलं होतं आणि त्यातलं एकही वाक्य आता कामाचं राहिलं नव्हतं.

"मागच्या वेळीच मला दिसलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही गज सारत होतात आणि तुमची नखं पांढरी पडली होती. आत्ताही पडली. सगळा खांदा लावत होतात तुम्ही, बाबा, आणि तोंडावर असं, की काही जोरच लागत नाहीये. मला तेव्हा वाटलं, बाबा म्हणतात म्हणजे बरोबरच असणार." तिने फडक्याला हात पुसले, पुसले, पुसतच राहिली. "किती दिवस झाले?"

"दोन वर्षं."

"आईला माहीत आहे?"

"हो."

"ती गुरगुर ऐकली तेव्हा कळलं होतं तुम्हाला?"

खोटं बोलायला अजूनही जागा होती. त्याने मान हलवून हो म्हटलं.

तिने ओरडायला हवं होतं, म्हणजे त्याला बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. "अकरा माणसं होती, बाबा," एवढं म्हणाली आणि गज उचलून पुसायला लागली.

तो टूलबॉक्सवर बसला. जावं असं वाटत होतं आणि जाता येत नव्हतं. ती लाँचच्या मागे आली, गज बेअरिंगमध्ये घातला. मिस्त्रीचा हात आपोआप पुढे गेला आणि त्याने तो परत मांडीवर ठेवला. तिने दोन बोटं टोकावर ठेवली. डोळे मिटले नाहीत, ती तिची पद्धत नव्हती. गज गेला. तिची नखं गुलाबीच राहिली. तिने बाहेर काढून खुणा बघितल्या, चारी बाजूंना सारख्या. मग पुढे जाऊन लॉकनट आवळले, पाना ठेवला, आणि गज गुंडाळायला फडकं उचललं.

"नट आवळल्यावर पुन्हा गज घाल," मिस्त्री म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला.

ती थांबली. परत येऊन गज घातला. शेवटच्या इंचाला तो अडला. तिने नट पुन्हा सोडला, पाव फेरा दिला, आवळला, पुन्हा घातला. तीन वेळा असं झालं. तो बसून बघत होता. कुठल्या बाजूला किती द्यायचं ते त्याला समजत होतं, पण तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. चौथ्या वेळेला गेला.

तेवढ्यात वेल्डर आला, हातात दोन पेले, मागे फायबरवाला आणि आणखी एकदोघं. बातमी लागली असणार की आज रेष लावणार आहेत. वेल्डरने एक पेला मिस्त्रीपुढे धरला. मिस्त्रीने तो खाली फळीवर ठेवायला सांगितला.

"काय मिस्त्री," वेल्डर म्हणाला, "लागलं का लग्न?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. भिंगरी बघत नव्हती. ती पाठमोरी उभी राहून गज फडक्यात गुंडाळत होती, आणि तो एवढासा गज गुंडाळायला तिला फार वेळ लागत होता. मिस्त्रीने दोन्ही हात खिशात घातले. डाव्या खिशात ग्रीसची डबी होती. होती की नव्हती, हे त्याला नुसत्या हाताने कळलं नाही.

"मला काय विचारता," तो म्हणाला. "तिला विचारा."